ठोका

बत्तीस वर्षं मी चीजची चाकं वाजवतो आहे.
रेज्जिओच्या बाहेर, कालव्याकाठच्या थंड गोदामात
जमिनीपासून छतापर्यंत फळ्या, फळीफळीवर चाकं,
एकेक चाळीस किलोचं, वर्षभर मुरलेलं.
हातात छोटी हातोडी. डावा कान सालीजवळ.
ठक्, ठक्, कडेकडेनं सरकत जायचं.
भरीव असेल तर आवाज आत जातो आणि तिथेच राहतो.
भेग असेल तर परत येतो, जरा लवकरच,
काही सांगायचं राहून गेल्यासारखा.

दुखणं त्याच कानापाशी आलं.
कानात नाही. हे प्रत्येकाला आधी सांगावं लागतं.
पाळीच्या पुढे, जबड्याची बिजागरी फिरते
तिच्या बोटभर खाली. कधी मागे, हाडाच्या उंचवट्यावर.
सुरुवातीला नुसती चुणचुण,
मग कानामागून आली
आणि पुढचं तुम्हाला माहीतच आहे.
दाढी करताना. पोच्या खोऱ्यातलं धुकं गालाला लागताना.
पहाटे चारला, काहीच करत नसताना.

डॉक्टर बेर्तोलानींनी उजेड पाडून पाहिलं.
"तुमच्या वयाच्या मानाने सुरेख कान," म्हणाले,
आणि दातांकडे पाठवलं.
दातांच्या बाईंनी एक अक्कलदाढ काढली.
अक्कल गेली, कळ राहिली.
रात्री घालायला त्यांनी पारदर्शक कवच दिलं,
ते चावत चार महिने झोपलो,
इवोन म्हणते, तबेल्यात झोपल्यासारखं वाटायचं.
मज्जातंतूवाल्यांची तारीख मिळाली सात महिन्यांनी, पार्माला.
त्यांनी विचारलं, शून्य ते दहा, किती?
मी म्हटलं, कुणाच्या दहापैकी?
त्यांनी सहा लिहिले.

मग डोकं बांधून बोगद्यात सरकवलं.
यंत्र ठोकत होतं, चहूबाजूंनी,
मध्येच दम खाऊन पुन्हा.
आणि खरं सांगतो, मला बरं वाटलं:
अखेर कुणीतरी वाजवून पाहतं आहे.
डोळे मिटून मी माझाच आवाज ऐकू पाहिला.
पण कानांत त्यांनी बोळे घातले होते.

अहवाल आला. दोष नाही.
इवोननं तो फ्रिजवर लावला, गुणपत्रिकेसारखा.
"बाबा, ही तर चांगली बातमी," ओरेस्ते म्हणाला.
मी हो म्हटलं
आणि उजवीकडून चावत राहिलो.

मागे एकदा मी एक चाक पास केलं होतं.
सगळीकडून वाजवून, डागणी देऊन पाठवलं.
मोदेनाच्या एका खानावळवाल्यानं ते कापलं,
तर बरोबर मध्यावर तळहात मावेल एवढी फट.
कडा सुकलेल्या, म्हणजे जुनीच.
तो चिडला नाही. फोन करून बोलावलं,
तुकडा पुढे केला. चव उत्तम होती.
त्या रात्री मी हातोडी स्वयंपाकघराच्या टेबलावर ठेवून
तिच्याकडे बघत बसलो.
तेव्हापासून वहीत मी "नाही" लिहीत नाही.
लिहितो, "ऐकू आलं नाही."
मालकाला वाटतं, म्हातारा शाई वाया घालवतो.

बेर्तोलानी निवृत्त झाले. त्यांच्या जागी
नीवेस गिरार्दिनी नावाची मुलगी आली आहे,
ओरेस्तेपेक्षा लहान, बूट चिखलानं भरलेले.
अहवालांची जाड फाईल तिनं बाजूला सारली.
"कुठे?" म्हणाली. मी दाखवलं.
तिनं बोट ठेवलं. "इथे?"
थोडं पुढे.
"इथे?"
हो.
मला वाटलं, आता उचलेल आणि लिहील.
"बोला काहीतरी," ती म्हणाली, "जबडा हलू दे."
काय बोलावं सुचेना, म्हणून चाकांचे नंबर म्हणू लागलो,
चौदाव्या रांगेतले, खालून वर.
बाहेर सातजण खोकत होते.
बोट तिथेच होतं. तिची मान किंचित कललेली,
डोळे कशावरच नव्हते.
"मला कळत नाही," ती म्हणाली,
"थांबू नका. पुढचा नंबर?"